सेगा २००१ साली संपली, पण ब्राझीलमध्ये नाही

संपादक महोदय,
स. न.

रविवारच्या पुरवणीतला जुन्या व्हिडिओ गेमवरचा लेख आवडीने वाचला. पण सेगा या जपानी कंपनीने २००१ साली गेमची मशिनं बनवणं सोडलं आणि तिथे सगळं आटोपलं, असं त्यात म्हटलं आहे. जपान-अमेरिकेपुरतं ते बरोबर आहे. ब्राझीलमध्ये सेगाची मशिनं पुढेही कारखान्यातून निघत राहिली आणि दुकानांत खपत राहिली. २०१७ साली तर तिथे सेगाचं मेगा ड्राइव्ह हे मशीन जुन्याच रूपात पुन्हा बाजारात आलं, फक्त मेमरी कार्डाची खाच तेवढी नवी. इंदुरात रामबागेत माझं टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं आणि पुढच्या खोलीत मुलांना तासावर गेम खेळायला देत असे. त्यामुळे हा विषय माझ्या पोटापाण्याचा आहे, म्हणून लिहितो.

वितरक म्हटलं की आम्हा इंदूरकरांच्या डोळ्यांपुढे सियागंजचा घाऊक व्यापारी उभा राहतो. मुंबईहून पेट्या आल्या, आपला टक्का धरला, पुढे रवाना. ब्राझीलमध्ये सेगाचं काम ज्या कंपनीने घेतलं ती टेकटॉय, १९८७ साली निघालेली. शार्प या इलेक्ट्रॉनिक्स कंपनीत काम केलेले इंजिनिअर डॅनियल डाझकल हे तिच्या संस्थापकांपैकी. सेगावाले आधी जरा बिचकत होते, कारण अमेरिकेत टोंका नावाच्या खेळणी कंपनीशी केलेली भागीदारी त्यांना फळली नव्हती. टेकटॉयने आधी सेगाची प्रकाशकिरणांची एक खेळण्यातली बंदूक विकून दाखवली. ती जपानपेक्षाही जास्त खपली. मग १९८९ साली सेगाचं मास्टर सिस्टिम हे मशीन आलं आणि १९९० साली मेगा ड्राइव्ह.

पण टेकटॉयने माल आणून विकला नाही, तिथेच बनवला. बनवणं भागच होतं. १९८४ च्या कायद्याने ब्राझीलने बाहेरच्या इलेक्ट्रॉनिक मालाला दार जवळजवळ बंद केलं होतं आणि जो यायचा त्यावर जबर कर होता. ॲमेझॉनच्या जंगलातल्या मनाउस शहरात मात्र १९६७ पासून करसवलतीचं क्षेत्र आहे. टेकटॉयचा कारखाना तिथेच.

एक गोष्ट लेखांमधून सहसा येत नाही, पण आम्हा मेकॅनिक लोकांना ती आधी दिसते. ब्राझीलचा टीव्ही पाल-एम पद्धतीचा. रेषा अमेरिकन टीव्हीसारख्या आणि रंग युरोपच्या पद्धतीने, असा सगळ्यांहून वेगळा प्रकार. बाहेरचं मशीन तिथे तसंच लावलं तर रंग येत नाहीत. देशातच बनवलं की हा प्रश्न कारखान्यातच मिटतो. आमच्याकडे तो माझ्या टेबलावर यायचा! अमेरिकेहून कुणाचा तरी भाचा गेम घेऊन यायचा. तिकडचा ११० व्होल्टचा अडॅप्टर आपल्या बोर्डात घातला की धूर. त्यातून वाचला तरी चित्र काळं-पांढरं आणि खालीवर लोळणारं, कारण टीव्हीच्या चित्राची तिकडची पद्धत एनटीएससी आणि आपली पाल. मग घरचे पिशवीत घालून आणायचे, "काका, एवढे रंग आणून द्या." ट्रान्सफॉर्मर लगेच बसवून देता यायचा, पण रंगाचा खर्च ऐकला की पिशवी परत घरी जायची.

भाषेचंही तसंच. टेकटॉयने १९९१ साली फँटसी स्टार हा लांबलचक गोष्टीचा गेम पोर्तुगीजमध्ये आणला. वंडर बॉय मालिकेतल्या एका गेममधला तलवारवाला हिरो काढून तिथे मोनिका ही ब्राझीलच्या कॉमिकमधली घराघरांतली मुलगी बसवली. तलवारीच्या जागी तिच्या हातात तिचा कापडी ससा! फोनवरून गेमच्या युक्त्या सांगायची सोयही होती. माझ्या दुकानातली पोरं मारिओ आणि कॉन्ट्रावर तुटून पडायची, कारण त्यात वाचायला काही नव्हतंच. पडद्यावर चार ओळी इंग्रजी आली की कॅसेट बदलून मागायची. भंगारात गेलेल्या कॅसेटींत अशाच जास्त होत्या.

आता भारत. १९९५ च्या एप्रिलमध्ये सेगाने इथे शॉ वॉलेसशी वितरणाचा करार केला, म्हणजे ज्या नावाशी लोकांनी तोवर मद्याचा धंदा जोडलेला होता त्या कंपनीशी. ८० टक्के आयातकर टळावा हा त्यातला हेतू. तरीही मेगा ड्राइव्हची किंमत १८,००० रुपये! त्या पैशात तेव्हा चांगला रंगीत टीव्ही यायचा, आणि मध्यमवर्गीय बाप त्यातलं काय निवडेल हे सांगायला नको. इकडे सेगाची प्रतिस्पर्धी जी निन्टेंडो, तिच्या नकलेची लिटल मास्टरसारखी मशिनं त्याच्या पासंगालाही न पुरणाऱ्या भावात मिळत. वर एकेका कॅसेटवर '९९९९ इन वन' छापलेलं असायचं. आत तेच पाच-सहा गेम फिरून फिरून यायचे, पण पोरं खूश. मीही तीच लावली होती, हे उघड आहे.

नकली मालाने असली बुडवला, असं आमच्या धंद्यातले बरेच जण सांगतात. मला ते पटत नाही. नकला ब्राझीलमध्येही होत्या. ग्रॅडिएंते ही तिथली मोठी कंपनी निन्टेंडोच्या नकलेचं फँटम सिस्टिम विकत होती. पुढे तीच एस्त्रेला या खेळणी कंपनीबरोबर १९९३ साली निन्टेंडोची अधिकृत भागीदार झाली! नकला करणाऱ्याला कारखाना असतो, कारागीर असतात, दुकानदारांची साखळी असते. आपल्याकडे हे सगळं असणाऱ्यांना कुणी बोलावलं नाही.

टेकटॉयची आरती ओवाळायची नाही. बंद बाजारात बसून विकणं सोपं होतं आणि त्याची किंमत तिथल्या गिऱ्हाइकाने मोजली. नव्वदच्या दशकाच्या शेवटी कंपनी कर्जातही बुडाली. पण त्यातून उठून २००१ साली, म्हणजे सेगाने हात टेकले त्याच वर्षी, तिने मेगा ड्राइव्हवर 'शो दो मिल्याओं' हा तिथला टीव्हीवरचा प्रश्नमंजुषेचा कार्यक्रम गेम करून आणला. आपल्याकडे नुकतंच 'कौन बनेगा करोडपती' सुरू झालं होतं. तसा गेम हिंदीत मिळाला असता तर माझ्या दुकानात बाप्येही बसले असते. २०१६ पर्यंत ब्राझीलमध्ये मास्टर सिस्टिमचे सुमारे ८० लाख नग विकले गेले.

लेखकाने पुढचा भाग भारतातल्या वितरणावर लिहावा अशी विनंती. जेल रोडवर त्या काळचे दोघे-तिघे दुकानदार अजून गल्ल्यावर बसतात, जुन्या वह्याही त्यांनी ठेवल्या आहेत. दुपारी दोन ते चार गिऱ्हाईक कमी असतं. लेखकाने तेव्हा यावं, मी बरोबर येईन.

आपला,
एक जुना टीव्ही मेकॅनिक
रामबाग, इंदूर