आधी बोटीची तिकिटं, मग हॉटेल

चि. सौ. मृणाल आणि चि. निखिलराव यांस,
अनेक आशीर्वाद.

तुमचा अंदमानचा बेत वाचला. फेब्रुवारी निवडलात ते उत्तम. मेच्या तिसऱ्या आठवड्यात तिथं मोसमी पाऊस पोचतो. आपल्याकडे तो सरला तरी ऑक्टोबर-नोव्हेंबरात तिथं ईशान्येकडच्या वाऱ्याचा पाऊस असतो आणि बंगालच्या उपसागरातली वादळंही त्याच दिवसांत. फेब्रुवारीत समुद्र बहुधा शांत असतो, पाणी नितळ असतं आणि नाताळ-नववर्षाची गर्दी पांगलेली असते.

शेवटचे दोन दिवस मात्र बदलावे लागतील. शेवटची रात्र नील बेटावर, सकाळच्या बोटीनं पोर्ट ब्लेअर आणि दुपारचं विमान, असं तुम्ही लिहिलंय. कागदावर ते जमतं. पण वारा सुटला की बंदर खातं बोटी थांबवतं, कधी यंत्र बिघडतं, कधी सकाळची फेरी दुपारवर जाते. बोट कंपनी फार तर तिकिटाचे पैसे परत देईल, चुकलेल्या विमानाचे नाही. म्हणून परतीच्या विमानाची आदली रात्र पोर्ट ब्लेअरलाच काढा. हा दिवस वाया जात नाही. चिडिया टापूचा सूर्यास्त आणि ॲबरडीन बाजार त्यासाठीच ठेवा.

तेव्हा सहा रात्री अशा: पहिली पोर्ट ब्लेअर, मग तीन हॅवलॉक, एक नील, शेवटची पुन्हा पोर्ट ब्लेअर. सुट्टी पाचच रात्रींची मिळाली तर हॅवलॉकची एक कमी करा, शेवटची नव्हे.

तिकिटांवर नवी नावं दिसतील. हॅवलॉक म्हणजे स्वराज द्वीप, नील म्हणजे शहीद द्वीप (ही 2018 ची), आणि पोर्ट ब्लेअर 2024 पासून श्री विजय पुरम. रिक्षावाले, हॉटेलवाले अजून जुनीच नावं वापरतात. दोन्ही डोक्यात ठेवा, म्हणजे फॉर्म भरताना घोळ होणार नाही.

बुकिंगचा क्रम विमान, मग बोट, मग हॉटेल असाच ठेवा. लोक उलट करतात, हॉटेलचे पैसे भरून बसतात आणि त्या तारखेची बोट भरलेली निघते. खासगी वेगवान बोटी बहुतेक हॅडो धक्क्यावरून सुटतात आणि दीड ते अडीच तासांत हॅवलॉकला नेतात. सरकारी बोटी फिनिक्स बे जेट्टीवरून सुटतात. त्या स्वस्त असतात, पण त्यांचं तिकीट हाती पडेपर्यंत खरं नाही. दोन्ही धक्के वेगळे आहेत, रिक्षात बसतानाच नाव नीट सांगा. तिकिटावरचं नाव ओळखपत्राशी जुळायला हवं, मूळ ओळखपत्र जवळ हवं, आणि सुटण्याच्या तासभर आधी धक्क्यावर पोचायला हवं. पहिल्याच दिवशी विमानातून उतरून दुपारची बोट पकडायच्या फंदात पडू नका. चेन्नईला विमान तासभर रखडलं की पुढचं सगळं कोसळतं.

वेगवान बोटी बंद काचांच्या आणि वातानुकूलित असतात, वाटेत बाहेर उभं राहता येत नाही. मृणाल, तुला घाटातसुद्धा मळमळतं, म्हणून जागा मधली, खालच्या मजल्यावरची घे. तिथं डोलणं कमी जाणवतं. ॲव्होमिन निघण्याआधी तासभर घ्यायची. उमासे सुरू झाल्यावर घेतलेली गोळी उलटीबरोबर बाहेर जाते. या गोळीनं गुंगी येते. त्यामुळे ती घेतलेल्या दिवशी स्कूटर चालवायची नाही आणि पाण्याखालीही जायचं नाही.

दुसरं गणित सूर्याचं. ही बेटं मुंबईच्या पूर्वेला जवळजवळ वीस अंशांवर आहेत, पण घड्याळ आपलंच. फेब्रुवारीच्या मध्यात पावणेसहाच्या सुमारास उजाडतं आणि साडेपाचला सूर्य बुडालेला असतो. नऊला नाश्ता, अकराला बाहेर, हा तुमचा नेहमीचा क्रम तिथं ठेवलात तर अर्धा दिवस गेलाच समजा. सहाला बाहेर पडा, दुपारी अकरा ते दोन सावलीत झोपा. हॅवलॉकच्या राधानगर किनाऱ्यावर सूर्यास्त बघायचा तर चारलाच पोचायला हवं. त्या किनाऱ्याच्या टोकाला नील्स कोव्ह नावाची खाडी आहे, तिथलं पाणी कितीही शांत दिसलं तरी उतरू नका. खाऱ्या पाण्यातल्या मगरीनं तिथं माणूस मारलेला आहे. जीवरक्षक कुठं पोहू देतात ते आधी विचारा.

हॅवलॉकला गावांना क्रमांक आहेत. धक्का एक नंबरला, बाजार तीनला, बरीचशी हॉटेलं पाचला आणि राधानगर सातला. राहायला तीन किंवा पाच बरं, कारण संध्याकाळनंतर सातकडून जेवायला बाजारात येणं म्हणजे काळोखातला दहा-बारा किलोमीटरचा रस्ता.

स्कूबा हॅवलॉकच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ठेवा, म्हणजे हवा बिघडली तर तिसरा दिवस हाताशी राहतो. पहिल्यांदा जाणाऱ्याला बारा मीटरपेक्षा खाली नेत नाहीत, पोहता येत नसलं तरी चालतं, प्रशिक्षक सोबत असतो. दहा मीटरवर दाब जमिनीवरच्या दुप्पट होतो, आणि त्याचा पहिला त्रास कानांना. दर मीटरभर उतरलं की नाक चिमटीत धरून हलकेच फुंकायचं, दुखायला लागण्याआधीच. दुखलं तर थोडं वर यायचं, जोर लावायचा नाही. सर्दी असेल तर त्या दिवशी नकोच. दमा, फिट्स, हृदयाचा त्रास असेल तर फॉर्मवर खरं लिहायचं आणि आधी डॉक्टरांना विचारायचं. निखिलरावांचा चष्मा मास्कमध्ये बसणार नाही, नंबरचा मास्क आहे का ते आधीच विचारून ठेवा. मिशीतून पाणी झिरपतं, हेही त्यांना सांग (मिशी काढायची की मास्क सारखा रिकामा करायचा, त्यांचं ते ठरवतील). एकदाच उतरलात तर विमानापर्यंत किमान 12 तास, दोनदा उतरलात तर 18 तास जाऊ द्यायचे असतात, नाहीतर शरीरात विरघळलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होतात. वरच्या क्रमात हे आपोआप जमतं.

संध्याकाळी हॅवलॉकच्या वाळूत बारीक माश्या चावतात, डासांपेक्षा लहान. खाज आठवडाभर जात नाही. लांब पँट, अंगाला खोबरेल किंवा डासांचं मलम, आणि ओल्या वाळूवर थेट बसायचं नाही.

नीलला भरती-ओहोटी बघूनच पाऊल टाकायचं. तिथली दगडी कमान ओहोटीतच गाठता येते, आणि त्याच ओहोटीत लक्ष्मणपूर, भरतपूरच्या किनाऱ्यांवर पाणी इतकं उतरतं की पोहायचं म्हटलं तर पोवळ्यांवर गुडघे फुटतात. म्हणजे कमानीची वेळ वेगळी आणि पोहण्याची वेगळी. आजोबांचा तिथीला पाऊणपट करून भरतीची वेळ काढायचा हिशोब आपल्या किनाऱ्याचा आहे, तिथं तो लागू नाही. पोर्ट ब्लेअरचा भरतीचा तक्ता इंटरनेटवर मिळतो, तो छापून न्या. अमावस्येच्या आसपासच्या तारखा मिळाल्या तर दुहेरी फायदा: ओहोटी खोल जाते आणि रात्री काळोख असल्यानं हॅवलॉकला पाण्यात चमकणारे सूक्ष्म जीव दिसायची शक्यता वाढते. पायात मागे पट्टा असलेले, पकड धरणारे सँडल घाला, स्लिपर निसटतात.

पोर्ट ब्लेअरला पहिल्या दुपारी सेल्युलर जेल. मधे जेवणाच्या सुट्टीत बंद असतं, वेळ हॉटेलात विचारून निघा. ध्वनी-प्रकाश कार्यक्रमाचं तिकीट आधी काढा, हिंदी आणि इंग्रजी खेळ वेगळे असतात. सातपैकी तीनच इमारती उभ्या आहेत. एका इमारतीच्या कोठड्यांची तोंडं पुढच्या इमारतीच्या पाठीकडे, म्हणजे समोर कुणाचा चेहरा दिसू नये. कोठडीची कडी भिंतीच्या खोबणीत अशी बसवलेली आहे की आतून हात पोचत नाही, ते हात घालून बघा. सावरकरांची कोठडी वरच्या मजल्यावर अगदी टोकाला आहे; 1911 ते 1921 ते या तुरुंगात होते. तिथं गर्दी असते, तेव्हा आधी तिकडे जा, संग्रहालय नंतर.

बाराटांग बेट यावेळी सोडा. त्या रस्त्याला जारवा आदिवासींचं राखीव जंगल लागतं. गाड्या ठरलेल्या वेळीच ताफ्यानं सोडतात, म्हणून पहाटे तीन-चारला निघावं लागतं आणि अख्खा दिवस जातो. शिवाय त्या माणसांना गाडीतून बघायला जाणं मला पटत नाही. फोटो काढणं तर गुन्हाच आहे.

किनाऱ्यावरचे शंख, शिंपले, पोवळ्याचे तुकडे उचलू नका, विमानतळावर बॅगेत दिसतात. दुकानातून घेतलंत तर पावती जपा. 2020 मध्ये समुद्राखालून केबल आल्यापासून नेट सुधारलंय, तरी नीलला दगा देतं. तिकिटं छापून आणि रोख रक्कम जवळ ठेवा.

बोटीच्या तारखा ठरल्या की कळव. तोवर हॉटेलवाल्याला एक रुपयाही देऊ नका.

तुझी,
आई