पैसा वळवण्याआधी अधिकार द्या

शेतीवरील अनुदानांचा पैसा ग्रामविकासाकडे वळवावा, असे युरोपचा दाखला देत सुचवणारा रविवार पुरवणीतील लेख वाचला. दाखला अर्धाच आहे. युरोपीय महासंघाने ‘अजेंडा २०००’ या सुधारणा आराखड्यात ग्रामविकासाला कृषी धोरणाचा दुसरा स्तंभ केले हे खरे, पण या धोरणाच्या २०२१-२७ साठीच्या सुमारे ३८७ अब्ज युरोंपैकी या स्तंभाच्या वाट्याला जेमतेम ९५ अब्ज आले. उरलेल्यातला बहुतांश पैसा आजही थेट शेतकऱ्याच्या खात्यात जातो.

तिथून उचलण्याजोगी गोष्ट वेगळीच आहे. १९९१ पासूनच्या ‘लीडर’ उपक्रमात निधी कशावर खर्चायचा हे शेतकरी, व्यावसायिक, संस्था आणि पालिका यांचा स्थानिक गट ठरवतो. सरकारी यंत्रणेकडे किंवा कोणा एका हितसंबंधी गटाकडे ४९ टक्क्यांहून जास्त मते नसावीत, असा नियमच तिथे केला गेला. आपल्याकडे जिल्हा नियोजन समितीचे अध्यक्ष पालकमंत्री. समितीचे किमान चार पंचमांश सदस्य जिल्हा परिषद आणि पालिकांच्या लोकनियुक्त सदस्यांमधून निवडलेले असावेत, असे राज्यघटना सांगते; पण २०२२ नंतर बहुतेक जिल्हा परिषदांवर दीर्घकाळ प्रशासकच होते. मग निवडून येणार कोण?

उद्या खतावरचे अनुदान कापून तो निधी गावाच्या नावाने आला, तरी त्यातून पेव्हर ब्लॉक आणि स्वागत कमानीच होणार. खर्चाचा निर्णय आधी ग्रामसभेच्या हाती द्यावा. शेतकऱ्याच्या अनुदानाचे मग बघू.

– एक शेतकरी वाचक, वाई (जि. सातारा)