घडी न पडलेला 'ग'

आदरणीय काका,

फोनवर आभार मानू लागले की तुम्ही "बरं बरं, ये कधीतरी" म्हणून फोन ठेवता. म्हणून हे सगळ्यांसमोर लिहिते आहे.

गोधड्या शिवणाऱ्या बायकांच्या गटासाठी मी अक्षरं काढलेली 'गोधडी'ची पाटी परवा लागली. गटातल्या बायकांनी नारळ फोडला. सगळ्यात वयस्क आजींनी 'ड'च्या पोटावरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "हे तर आमच्या दोऱ्याचं वळण आहे." मला तिथेच रडू आलं. साताऱ्याच्या तुमच्या त्या खोलीत आले नसते, तर ही अक्षरं माझ्या हातून कधी उतरलीच नसती.

तेव्हा मी अक्षरं काढायचं हे काम सोडायच्या बेतात होते. कॉलेजात एका सरांनी भर वर्गात सांगितलं होतं की मराठी अक्षरांवर पोट भरत नाही. पुढे नोकरीत आधी इंग्रजी नाव पक्कं व्हायचं आणि मग त्याच मापात मराठी कोंबायचं. रफार किंवा वेलांटी वरच्या ओळीत घुसली की ती बुटकी करून मोकळं व्हायचं. मी तक्रार केली की ठरलेलं उत्तर यायचं, "कोण बघतंय?" त्या दोन शब्दांपुढे मी तीन वर्षं गप्प बसले. तुम्ही मात्र चाळीस वर्षं बघत होता. हातात ब्रश घेऊन दुकानांच्या पाट्या रंगवत होता, फ्लेक्स आल्यावर काम गेलं तरीही बघत होता.

तुमची ती शिंप्याच्या मापाची जुनी वही! अर्ध्या पानांवर कंबर-छातीची मापं आणि त्यावर खळीने चिकटवलेल्या नाटकांच्या जाहिराती. 'गारंबीचा बापू', 'वस्त्रहरण', 'पुरुष'... नाटकांची नावं हाताने रेखाटणाऱ्या कमल शेडगे यांची अक्षरं. त्यांचं नाव मी ऐकून होते, पण त्यांचं इतकं काम एकत्र कधी पाहिलं नव्हतं. वर्तमानपत्राच्या पानावर शिवाजी मंदिर, साहित्य संघ, दीनानाथ या नाट्यगृहांतले प्रयोग एकमेकांना खेटून छापलेले, जागा दोन बोटांची, कागद हलका, शाई पसरणारी. तेवढ्यात नाटकाचा स्वभाव दिसला पाहिजे. संगणक नव्हता, सगळं हाताने. २०२० च्या जुलैत ते गेले तेव्हा तुम्ही दिवसभर कुणाशी बोलला नाहीत, हे मला काकूंनी सांगितलं. तुमची त्यांची कधी भेटही झाली नव्हती. "त्यांची अक्षरं बघून माझा हात सुधारला, आणखी कसली ओळख लागते?" असं तुम्ही म्हणालात.

त्या दिवशी तुम्ही मला एकच अक्षर दाखवलंत, 'ग'. दोन पोस्टकार्डांनी आजूबाजूचं सगळं झाकलंत. 'ग'चा आकडा आणि काना एकमेकांना चिकटत नाहीत, वरच्या शिरोरेषेने काय ते धरून ठेवलेलं. मधली पांढरी जागा जरा वाढली की अक्षर फाटतं, कमी झाली की गुदमरतं. "काळं नंतर बघ, आधी पांढरं बघ," म्हणालात. 'ध'च्या डोक्यावरची रेघ का तुटते आणि ती फट किती ठेवायची, तेही त्याच दुपारी कळलं. ती बुजली की 'ध'चा 'घ' व्हायला वेळ लागत नाही.

पण काका, खरं सांगायचं ते याच्या पुढचं. निघताना तुम्ही वहीतलं एक सुटं कात्रण मला दिलंत. मी पर्समध्ये ठेवायला घडी घालू लागले आणि तुम्ही माझा हात धरलात. "थांब पोरी, घडी बरोबर 'ग'वरून जाईल." मग ते कात्रण तुम्ही जुन्या ब्रशच्या दांड्याभोवती हळूच गुंडाळलंत, ट्यूबलाइटच्या खोक्याचा तुकडा कापून त्यात सरकवलंत आणि दोन्ही तोंडांना कागदाचे बोळे लावलेत. सगळं मिळून दहा मिनिटं गेली असतील. तुमचे हात थरथरत होते, तरी मला करू दिलं नाहीत. पिवळ्या पडलेल्या, रद्दीत किलोने जाणाऱ्या त्या कागदाची अशी निगा राखणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता. तीन वर्षं मला वाटत होतं की माझंच काहीतरी चुकतंय, मीच उगाच वेलांटीसाठी भांडते. ते वाटणं त्या दहा मिनिटांत गेलं.

अशी माणसं गावोगाव असतील. अक्षर सरळ बसावं म्हणून पुन्हा शिडीवर चढणारी, जास्तीचे पैसे न मागणारी, पाटीखाली नाव न घालणारी. बाजारातून जाताना जुनी, उडालेल्या रंगाची पाटी दिसली की मी आता थांबते.

'गोधडी'चं मूळ रेखाटन तुम्हाला पाठवते आहे. पोस्टातल्या ताई म्हणाल्या, घडी घातली तर साध्या पाकिटात बसेल, पैसे वाचतील. मी नळीच घेतली. पोचली की 'ध'ची फट तेवढी नीट बघा. मला अजून ती केसभर जास्त वाटते.

तुमची,
साताऱ्याला पुन्हा येणारी मुलगी