ब्रुनहिल्डचे बळ

मा. संपादक,
स. न. वि. वि.

राजे, ड्रॅगन आणि तलवारींच्या मालिका माझी भाची आवडीने पाहते. त्यातल्या बलात्कारांविषयी मी काही बोलले की तिचे उत्तर ठरलेले, ‘‘मावशी, मध्ययुगात असंच चालायचं ना!’’ तिच्या वयाच्या अनेकांकडून मी हेच ऐकते आणि मला ते पटत नाही.

साधारण १२०० सालचे ‘निबेलुंगेनलीड’ हे जर्मन महाकाव्य घ्या. त्यातली आइसलंडची राणी ब्रुनहिल्ड अशी ताकदवान, की तिचा भाला आणायला तीन माणसे लागत आणि ती फेकत असे तो धोंडा आणायला बारा. खेळांत मला हरवील त्याच्याशीच लग्न, हा तिचा पण. जर्मनीतल्या व्होर्म्सचा राजा गुंथर तो जिंकतो, पण अदृश्य करणारा झगा पांघरून शेजारी उभ्या राहिलेल्या सीगफ्रीड या वीराच्या जोरावर. लग्नाच्या रात्री गुंथर अंगचटीला येतो, तेव्हा ती कमरेच्या पट्ट्याने त्याचे हातपाय बांधते आणि सकाळपर्यंत त्याला भिंतीवरच्या खिळ्याला टांगून ठेवते! दुसऱ्या रात्री अंधारात पुन्हा सीगफ्रीड. ती त्याचे हात असे आवळते की नखांतून रक्त येते. शेवटी तिची हाडे कडकडेपर्यंत तो तिला दाबतो, तिची अंगठी आणि पट्टा घेतो आणि बाजूला होतो. मग गुंथर. त्यानंतर तिचे बळ गेले, असे कवी स्पष्ट सांगतो. पुढे व्होर्म्सच्या चर्चच्या दारात, चारचौघांत, तीच अंगठी आणि तोच पट्टा दाखवून तिची नणंद आणि सीगफ्रीडची बायको क्रीमहिल्ड तिला रखेल म्हणते.

त्या कवीला तिची फार कणव होती असे मी म्हणणार नाही. पण जबरदस्तीने बाईचे बळ हिरावले जाते, एवढे त्याला पक्के कळत होते. ‘गेम ऑफ थ्रोन्स’ या मालिकेत नेमके उलटे दिसते. मूळ कादंबरीत दुसऱ्याच मुलीवर झालेला अत्याचार २०१५ साली मालिकेने सान्सा या तरुण नायिकेवर आणला, आणि तोही दाखवताना कॅमेरा शेवटी तिच्यावर नाही, तो पाहणाऱ्या पुरुषाच्या चेहऱ्यावर थांबला. २०१९ मध्ये तीच सान्सा म्हणते की ती माणसे भेटली नसती तर मी आयुष्यभर लहानसे पाखरूच राहिले असते. तिच्या शहाणपणाचे श्रेय तिला छळणाऱ्यांना दिलेले पाहून मला फार वाईट वाटले.

अशा जखमेवाचूनही वीरांगना उभी राहते. टॉल्किनच्या ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ या कादंबरीतली एओविन म्हाताऱ्या मामाची सेवा करत घरात कोंडली गेलेली. तिला भीती एकच, पिंजऱ्याची. त्या घुसमटीतून ती पुरुषाच्या वेषात रणात उतरते आणि नाझगुल नावाच्या काळ्या स्वारांच्या म्होरक्याला मारते. या कादंबरीचा शेवटचा खंड १९५५ साली प्रसिद्ध झाला.

खिळ्याची गोष्ट ऐकून भाची खूप हसली. मग गप्प झाली आणि म्हणाली, ‘‘पुढे ब्रुनहिल्डचं काय होतं?’’ सीगफ्रीडच्या खुनानंतर काव्य क्रीमहिल्डच्या मागे जाते आणि ब्रुनहिल्ड व्होर्म्सलाच राहते. तिला मी तेवढेच सांगू शकले.

– एक निवृत्त शिक्षिका, सातारा