अव्या, प्रायमरचा हात चुकवू नकोस

पुणे, १२ ऑक्टोबर

प्रिय अव्या,

काल फोनवर बोलणं अर्धवटच राहिलं, तुझ्या मागे ड्रिल चालू होतं आणि मला निम्मं ऐकू येत नव्हतं, म्हणून म्हटलं सगळं लिहूनच पाठवतो. तुझा पेंटर म्हणतोय ना, की भिंतीवर जुना रंग आहेच, प्रायमर, म्हणजे रंगाखालचा अस्तराचा हात, कशाला, डायरेक्ट रंगाचे दोन हात मारू, पैसे पण वाचतील आणि दिवाळीच्या आत घर मोकळं होईल. त्याला नाही म्हण. भांडू नकोस, चहा पाज आणि नाही म्हण.

तुला माहितीये, तीन वर्षांपूर्वी आम्ही कोथरूडच्या घरी आईची खोली रंगवली होती. ऐन जुलै, बाहेर पाऊस, पलीकडे बाथरूम. आमच्या पेंटरने आज पुट्टी, म्हणजे भिंत गुळगुळीत करायचा पांढरा लेप, मारली, उद्या पॉलिश पेपर फिरवला आणि परवा रंग, मध्ये प्रायमर नाहीच. दिसायला इतकं सुंदर झालं होतं की आई दोन दिवस येणाऱ्या-जाणाऱ्याला खोली दाखवत होती. मार्गशीर्षात पलंगामागे एक फुगा आला. मी नखाने जरा उचकटला तर पोळीएवढा पापुद्रा हातात आला, आणि उलटा करून बघितला तर मागच्या बाजूला सगळी पांढरी पूड चिकटलेली, म्हणजे रंगाने भिंत धरलीच नव्हती, त्याने पुट्टीच्या भुकटीला धरलं होतं. भिंत आतून ओली आणि वर ती भुकटी. आई काही बोलली नाही, तिने तिथे कॅलेंडर लावलं. मला ते कॅलेंडर अजून टोचतं रे, म्हणून तुला एवढं कळवळून सांगतोय.

पुट्टी किंवा कोरा गिलावा पाणी पितो, हे तू स्वतः करून बघ. पुट्टी मारून वाळलेल्या भिंतीवर बोटाने पाण्याचा एक थेंब लाव, बघता बघता आत जातो. प्रायमर मारलेल्या जागी लाव, तो थेंब बसून राहतो. रंगाचं पण तेच होतं. रंगात जो चिकटवणारा भाग असतो तो भिंत ओढून घेते आणि वर नुसती रंगाची पूड उरते, मग हात लावला की हाताला रंग येतो, कुठे गडद कुठे फिका असे ढग दिसतात, आणि तिसरा हात मारला तरी ते जात नाहीत. प्रायमर भिंतीची ती तहान भागवतो आणि वरच्या रंगाला धरायला जागा देतो. महागाचा इमल्शन, म्हणजे भिंतीचा पाण्यातला रंग, तिला पाजण्यापेक्षा स्वस्तातला प्रायमर पाज, हिशोबाने पण हेच बरं पडतं.

आता क्रम. यावरून पेंटर लोकांत कायम वाद असतात, पण त्यात पुट्टी कोणती हे कुणी विचारत नाही. व्हाईट सिमेंटची पुट्टी असेल तर ती उघड्या गिलाव्यावर थेट लागते, त्याआधी भिंत पाण्याने भिजवून घ्यायची कारण सिमेंटला धरायला पाणी लागतं, आणि ती वाळून घासून झाली की वर प्रायमर. डब्यातली तयार अक्रिलिक पुट्टी असेल तर आधी प्रायमर, मग पुट्टी, घासणं, परत प्रायमर. दोन्हीत एक गोष्ट सारखी आहे, रंगाच्या लगेच खाली प्रायमरच पाहिजे. आणि प्रायमरमध्ये पाणी डब्यावर लिहिलंय तेवढंच, हे समोर उभं राहून बघ, कारण बादलीत अजून दोन तांबे पाणी ओतलं की डबा पुरतो पण प्रायमर ताकासारखा होतो.

तुझ्या जुन्या रंगाचं म्हणशील तर तळहात भिंतीवरून जोरात फिरव. हात पांढरा झाला तर तो थर मेलेला आहे, खरवडून काढ. नाही झाला तर चिकटपट्टी घट्ट दाबून लाव आणि झटकन ओढ, रंग सोबत आला तरी तेच. दोन्हीत पास झाला तर पेपर मारून, धूळ पुसून एक हात प्रायमरचा पुरे. स्वयंपाकघरात मात्र आधीच्या लोकांचा ऑइल पेंट आहे आणि त्यावर इतक्या वर्षांच्या फोडणीचा चिकटा. तो धुण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवायचा, मग साध्या पाण्याने, मग चमक जाईपर्यंत घासायचं. चकचकीत ऑइल पेंटवर काहीच टिकत नाही, प्रायमर पण नाही. आणि छताला तो तपकिरी डाग आहे ना गळतीचा, त्यावर पाण्यातला प्रायमर मारलास तर डाग परत वर येणार, तिथे ऑइल बेसचा घे. अर्थात आधी वरच्या फ्लॅटची गळती बंद करून घे, सोसायटीत कितीही वाईटपणा आला तरी. ओल प्रायमरने थांबत नाही. बाल्कनीच्या कोपऱ्यात लोणा, म्हणजे भिंतीतून येणारी मिठाची पांढरी पूड, लागलाय तो कोरड्या ब्रशनेच झाड, धुवू नकोस, मीठ विरघळून परत आत जातं.

हॉलमधली जी भिंत तू तोडून नव्याने बांधलीस तिला हात लावू नकोस अजून. नवीन सिमेंट प्लास्टरला निदान २८ दिवस तरी दे. त्यात अल्कली भरपूर असते आणि ती ऑइल पेंटमधल्या तेलाशी मिळून चक्क साबण करते, आपण शाळेत केमिस्ट्रीत शिकलो तेच. रंग चिकट होऊन सुटतो. ती एक भिंत दिवाळीला कोरी राहिली तरी चालेल, समोर आकाशकंदील लाव आणि पाहुण्यांना गच्चीत बसव.

खिडक्यांच्या ग्रिलचं काम माझ्या आवडीचं आहे. वायर ब्रशने गंज काढायचा, एमरी पेपर मारायचा, कोरड्या फडक्याने पुसायचं आणि त्याच दिवशी रेड ऑक्साइड, म्हणजे लोखंडाचा तांबडा प्रायमर, लावायचं. सकाळी घासलेलं लोखंड चंदेरी दिसतं आणि रात्रभर उघडं ठेवलं तर दुसऱ्या दिवशी त्यावर हळदीसारखी झाक आलेली असते, मी स्वतः बघितलंय. पण नुसतं रेड ऑक्साइड लावून महिनोन्‌महिने सोडू नकोस, ते पावसाला उभं राहत नाही, वर एनॅमल, म्हणजे चकचकीत ऑइल पेंट, पाहिजेच. गॅल्व्हनाइजचे, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेले, पाइप असतील तर त्यांना हे चालत नाही, दुकानात तसं सांगून वेगळा प्रायमर घे.

दारं जुनी आहेत, त्यांच्यावरचा ऑइल पेंट पण आधीच्या लोकांच्याच काळातला असणार. आपल्याकडे घरगुती रंगातलं शिसं ९० पीपीएमच्या, म्हणजे दहा लाख भागांत ९० भागांच्या, आत ठेवायचा नियम नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला, त्याआधीच्या रंगात ते किती असेल सांगता येत नाही. तुझी पोरं लहान आहेत, म्हणून कोरडं घासू देऊ नकोस कुणाला. वॉटर पेपर पाण्यात बुडवून घासायचं, तोंडाला मास्क, आणि ती पूड ओल्या फडक्याने टिपून घ्यायची, झाडू नाही. त्या दोन दिवसांत पोरांना आमच्याकडे पाठव, आईला पण बरं वाटेल. लाकूड उघडं पडलं की आधी वुड प्रायमर, मग लांबी, म्हणजे भेगा-खड्डे बुजवायचा तेलातला लगदा, भरायची. उलटं केलं तर कोरडं लाकूड लांबीतलं तेल शोषतं आणि ती तडकून बाहेर येते. माळ्याच्या फळ्या देवदाराच्या वाटल्या मला, त्यांच्या गाठींवर आधी स्पिरीटमध्ये विरघळवलेल्या लाखेचा हात दे, नाहीतर राळ रंगातून वर येते.

ऑक्टोबरचं ऊन आहे, भिंती वाळायला हे दिवस चांगले आहेत. मी शुक्रवारी संध्याकाळी बोहरी आळीत जाऊन वायर ब्रश आणि पेपर घेतो आणि शनिवारी सकाळी तुझ्याकडे येतो. तू एवढंच कर, शुक्रवारी सकाळी बाथरूमच्या मागच्या भिंतीवर हातभर प्लास्टिक चारी बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावून ठेव आणि मी येईपर्यंत काढू नकोस. २४ तासांनी आतून थेंब दिसले तर ती भिंत अजून ओली आहे, मग तिथे पेंटरला थांबवायचं. नसतील तर लगेच सुरू करू.

तुझा,
नंदू

ता. क. वहिनीला सांग रंगाची शेड अजून ठरवू नका म्हणावं, प्रायमरच्या पांढऱ्या भिंतीवर नमुना लावून बघितला की खरा रंग कळतो.