सूचना : वृद्धाश्रमात किंवा शुश्रूषागृहात नातेवाईक असलेल्या सभासदांसाठी

सभासदहो, भेटीची वेळ ठरलेली असेल तर कृपया ती मोडा. कधी जेवणाच्या वेळी जा, कधी संध्याकाळी उशिरा. ठरल्या वेळी सगळंच नीटनेटकं दिसतं, हेळसांड किंवा छळ असला तरी झाकला जातो.

नुसत्या गप्पा मारून परतू नका. चादर बाजूला करून टाचा आणि माकडहाड बघा. तिथली लाली दाबूनही जात नसेल तर ती शय्याव्रणाची, म्हणजे सतत एकाच कुशीवर पडून होणाऱ्या जखमेची, सुरुवात असू शकते. कूस वेळेवर बदलतात का, हे तिथेच विचारा. दंडावर बोटांसारखे वळ, सुकलेले ओठ, सैल पडलेले कपडे हेही पाहा. एकाएकी दिवसभर गुंगी दिसली तर औषधांचा तक्ता मागा. गप्प बसावं म्हणून गुंगीची गोळी देणं हाही छळच आहे.

माझी आई ठरावीक सेविका खोलीत आली की बोलता बोलता थांबायची. मला ते फार उशिरा कळलं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार अशा संस्थांतल्या दर 3 पैकी 2 कर्मचाऱ्यांनी वर्षभरात छळ केल्याचं स्वतःच सांगितलं आहे.

शंका आली तर तारखेसह फोटो काढा, व्यवस्थापकांकडे लेखी तक्रार देऊन पोच घ्या. मारहाण असेल तर थेट पोलिसांत जा.