लाडवाच्या डब्यातली पुडी

मंगळवार, १५ ऑक्टोबर २०१९

चि. विकास यास,
अण्णांचे अनेक आशीर्वाद.

दोनदा फोन लावला, दोन्ही वेळा बंद. कॅम्पात फोन जमा करून घेतात की तूच बंद ठेवलायस, ते विचारत नाही. त्या दिवशी तू म्हणालास, "अण्णा, तुमच्या वेळचं वेगळं होतं." असेल. हे वहीत लिहितोय. बाळू पानांचे फोटो काढून तुझ्या मोबाईलवर टाकेल. चीनच्या विमानात बसायच्या आधी वाच.

परवा कोजागरीचं दूध आटवताना तुझी आई गप्प गप्प होती. दुधावर साय धरली तरी ढवळेना. मग म्हणाली, "विकासच्या लाडवाच्या डब्यात तळाला एक पुडी ठेवलीय. नडगीसाठी." बाजारच्या दिवशी पाराखाली बसतो ना, त्याच्याकडची. दुधातून चिमूटभर घ्यायची, म्हणे तीन दिवसांत पाय मोकळा.

विकास, ती पुडी टाकून दे. वास घेऊन बघू नकोस, जिभेला लावू नकोस. संडासात टाक आणि वर पाणी सोड.

हे एवढंच सांगायचं होतं. आता पुन्हा काढत नाही.

गणपतीत तू आलास तेव्हाच तिला कळलं होतं. माडीवरून उतरताना डावा पाय तिरका टाकत होतास म्हणे. मी बघितलंच नाही. मी तुझ्या ट्रॅकसूटच्या पाठीवरची अक्षरं बघत होतो. दोरीवर वाळत घातला तोसुद्धा अक्षरं रस्त्याकडे करून. आक्का हसली होती, आठवतंय?

गावात तुझा फ्लेक्स लागलाय. फोटो भरतीच्या वेळचा, मिशी न फुटलेला. आचारसंहितेत चालतो का म्हणून ग्रामसेवकानं दोनदा विचारलं. सोमवारी मतदान आहे, दिवसभर भोंगे चालू असतात. त्यातून एक जण विचारत आला, "हे जागतिक सैनिकी खेळ म्हणजे ऑलिम्पिकच का?" मी त्याला चहा पाजून तासभर सांगितलं. महायुद्ध संपल्यावर १९४८ साली फ्रान्स, बेल्जियम, हॉलंड, डेन्मार्क आणि लक्झेंबर्ग या पाच देशांच्या फौजांनी मंडळ काढलं, की आता मैदानातच काय ते भेटू. हे मोठे खेळ १९९५ला रोममध्ये सुरू झाले, दर चार वर्षांनी होतात, तुझं वुहान हे सातवं. आणि चौथे आपल्या हैदराबादला झाले, तिथं मी होतो.

तुला हे पाठ आहे, तरी सांगतो. २००७चा ऑक्टोबर, आमची पलटण सिकंदराबादला. गच्चीबावलीच्या स्टेडियमवर माझी ड्युटी पाण्याच्या उडीजवळ. शंभरेक देशांचे जवान, आणि सगळ्यांच्या चालीत तेच डावा-उजवा. स्टीपलचेस मी तोवर नुसती ऐकली होती. तीन हजार मीटर, २८ अडथळे, ७ वेळा पाणी. हर्डल पायाला लागलं तर पडतं, हा लाकडी अडथळा पडत नाही, पडतो तो माणूस. एक परदेशी पोरगा पाण्यात गुडघ्यावर आला, उठला, बूट पाण्यातच राहिला, तसाच अनवाणी तीन फेऱ्या पळाला. शेवटून दुसरा आला. मी ड्युटीवर होतो, टाळ्या वाजवता येईनात. रात्री एसटीडीवरून घरी फोन केला तर तू बारा वर्षांचा. म्हणालास, "अण्णा, मी पाट ओलांडून दाखवू?" फोनवर! आणि खरंच धावत गेलास, आई रिसीव्हर धरून बसली, मीटर चालूच.

उसाच्या पाटावरून उड्या मारून तू किती चड्ड्या चिखलात घातल्यास त्याचा हिशेब आईकडे आहे. दोन दगडांवर आंब्याचं लाकूड टाकून केलेला तुझा अडथळा अजून गोठ्यामागं आहे. त्यावर आता कोंबड्या बसतात.

त्याच सिकंदराबादला, ईएमईत, म्हणजे फौजेच्या यंत्रदुरुस्तीच्या विभागात, मिल्खासिंग जवान म्हणून धावायला लागले. जादा एक ग्लास दूध मिळावं म्हणून. दूध, विकास. पुडी नाही.

बघ, काढलीच पुन्हा.

काढलीच आहे तर सांगून टाकतो. तात्यांनी गुडघ्यासाठी अशीच भुकटी खाल्ली. आठ दिवसांत पळायला लागले. सगळे म्हणाले काय गुण आहे. चार महिन्यांनी तोंड भोपळ्यासारखं सुजलं, साखर चारशेवर. कोरेगावच्या डॉक्टरांनी भुकटी बघितली आणि म्हणाले, यात स्टिरॉइड असणार, देणारा सांगत नाही, खाणाऱ्याला कळत नाही. तात्यांची साखर वाढली, एवढ्यावर भागलं. तुझं तसं नाही. शर्यत झाली की उत्तेजकांच्या तपासणीसाठी तुला बाटली देणार, समोर उभं राहून लघवी घेणार, तिचे दोन भाग करून सील लावणार. त्यात काही निघालं तर "आईनं प्रेमानं दिलं होतं" हे कुठल्या अर्जात लिहिशील? अंगात जे सापडेल त्याला खेळाडू स्वतः जबाबदार, असा नियम आहे, तूच मला सांगितलास. चार वर्षांपर्यंत बंदी. आज तू चोवीसचा आहेस. फ्लेक्स उतरेल ते सोड, फ्लेक्स पावसानंही उतरतो. पण छातीवर देश लिहिलेला आणि वर फौजेचं नाव. आपल्या घरात फौजेच्या नावाला

जाऊ दे. चोवीस वर्षांच्या हवालदाराला बाप शौचालयाचे नियम शिकवतोय. मी पंचवीस वर्षांत तुला वाढवला कमी आणि फोनवर तपासणी घेतली जास्त. तू पहिलं पाऊल टाकलंस तेव्हा मी कुपवाड्यात, आईचं पत्र अकरा दिवसांनी मिळालं. भरतीला सोळाशे मीटर मारलंस तेवढं एकदाच समोर बघितलं. कोल्हापूरला पहाटे पोरं थंडीनं कुडकुडत होती, तू माझं जुनं जर्सी स्वेटर काढून माझ्या हातात दिलंस आणि पहिल्या गटातून सुटलास. साडेपाच मिनिटांत आला की पूर्ण साठ गुण, हे मला माहीत होतं, पण घड्याळ बघायचं विसरलो. स्वेटर हुंगत उभा होतो. हे आजवर कुणाला सांगितलं नाही, बाळू आता वाचेल, वाचू दे.

दोह्याच्या जागतिक अ‍ॅथलेटिक्स स्पर्धेतली तुझ्याच स्टीपलचेसची फायनल आम्ही बाळूच्या मोबाईलवर बघितली. बीडच्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे, महार रेजिमेंटचा. प्राथमिक फेरीत दुसऱ्यांच्या पडापडीत अडकला, आपल्या लोकांनी तक्रार केली, फायनलला घेतलं आणि तिथं ८ मिनिटं २१.३७ सेकंद. टोकियो ऑलिम्पिकचं तिकीट. आई म्हणाली, दुष्काळातलं पोर किती हलकं उडतंय. तुलना करत नाही. तू तुझ्या वेळेत ये. नाही आलास तरी ये.

माझ्या घोट्याची गोष्ट तुला अर्धी माहीत आहे. शिडीवरून पडलो असं मी सांगत आलो. शिडी नव्हतीच. ब्रिगेडची क्रॉसकंट्री होती, घोटा आदल्या आठवड्यात सुजलेला. एकानं म्हटलं, सुई मारतो, संध्याकाळपर्यंत कळणारसुद्धा नाही. मीच पाय पुढं केला. खरंच कळलं नाही. तिसरा आलो, कप मिळाला, तो पत्र्याच्या पेटीत आहे. दुसऱ्या दिवशी बूट कापून काढावा लागला. आतली शीर तुटली होती. मग मेडिकल कॅटेगरी खाली गेली, आणि नायब सुभेदारीची यादी लागली तेव्हा त्यात माझं नाव नव्हतं. तुझी आई अजून म्हणते साहेबांनी डावललं. कुणी डावललं नाही. दुखत होतं ते बरं होतं, कळत तरी होतं.

म्हणून विचारतो. तुझी नडगी कितपत दुखते? बोट ठेवल्यावर एकाच जागी कळ येते का? रात्री झोपेत ठणकते का? टीमच्या डॉक्टरला सांगितलंस का? नाव कापतील या भीतीनं गप्प असशील तर ते मला कळतं, फार चांगलं कळतं. तरी सांग. वुहान गेलं तर गेलं. आई रडेल, मी तिला आवरीन. मला कोण आवरणार ते बघू.

नाही, असं नको लिहायला. तू जा. दिसेल ते सगळं बघ. तिथलं घड्याळ आपल्यापुढं अडीच तास आहे, मी भिंतीवरच्या घड्याळाखाली कागद चिकटवलाय, आक्का फोन करून विचारते "आता तिथं किती?" समारोप २७ तारखेला, त्याच दिवशी आपल्याकडं लक्ष्मीपूजन. तुझ्या नावची पणती आई वृंदावनाशी लावेलच. श्रावणात राहिलेला जरंड्याच्या मारुतीचा शनिवार मी या शनिवारी करणार आहे, घोट्याला जमेल तेवढ्या पायऱ्या.

पुडी टाकलीस की नुसता अंगठा पाठव. बोलायची गरज नाही.

तुझे
अण्णा

ता. क. आई म्हणते लाडू खा, तूप घरचं आहे, शेंगदाणे तिनं स्वतः भाजलेत, त्यात काही नाही. पण पुडी कागदाची होती, वर नुसता दोरा. डब्यात थोडी जरी सांडलेली दिसली तर लाडूही टाक. ही ओळ मी तिला वाचून दाखवणार नाही. विचारलं तर सांग, दोस्तांनी संपवले.